डोंगरावर इंग्रजी, खाली जपानी : बेप्पूतल्या एका पदवीचं प्रकरण

२०२२ चा ऑक्टोबर. तिला वीस वर्षं पूर्ण होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते, तेव्हा जपानमधल्या बेप्पू गावी तिच्या भाड्याच्या खोलीच्या टपालपेटीत एक जाड लिफाफा पडला. वर सगळं जपानीत. आत चार-पाच छापील कागद आणि पैसे भरायच्या पावत्यांसारखं काहीतरी. त्याच पेटीत रोज पिझ्झाच्या आणि घरदुरुस्तीच्या जाहिराती पडायच्या. हाही त्यातलाच प्रकार असेल असं समजून तिने लिफाफा फ्रिजवर ठेवून दिला. तो पुढच्या मे महिन्यापर्यंत तिथेच होता.

मे २०२३ मध्ये दुसरा लिफाफा आला. या वेळी आकडा मोठा होता, म्हणून तिने फोटो काढून मला व्हॉट्सअॅपवर पाठवला. ‘सेन्सेई, हे काय आहे?’ सेन्सेई म्हणजे बाई; मी जपानी शिकवते.

ते जपानच्या पेन्शन खात्याचं पत्र होतं. जपानमध्ये राहणारा माणूस वीस वर्षांचा झाला की, तो परदेशी असला तरी, राष्ट्रीय पेन्शन योजनेत आपोआप धरला जातो. त्या वर्षी महिन्याचा हप्ता १६,५९० येन होता. ऑक्टोबर ते मार्च असे सहा हप्ते थकले होते, म्हणजे ९९,५४० येन. बेप्पूत महिनाभर भांडी घासून तिला जेवढे मिळायचे, त्याहून जास्तच. वास्तविक विद्यार्थ्यांना हा हप्ता पुढे ढकलता येतो. त्यासाठी महापालिकेत एक अर्ज द्यायचा असतो, आणि तो दरवर्षी नव्याने द्यावा लागतो. ही सगळी माहिती त्या पहिल्या लिफाफ्यात होती.

मी हे प्रकरण लिहिते आहे ते तिच्या परवानगीने, नाव न घेता. पेन्शनची भानगड एका दुपारीत मिटली, त्यामुळे लेखाचा विषय ती नाही. विषय हा, की चार वर्षांची इंग्रजी माध्यमातली पदवी अर्धी झाली होती, सगळ्या विषयांत चांगल्या ग्रेड होत्या, आणि तरी ती मुलगी आपल्या नावावर आलेलं पत्र वाचू शकत नव्हती. हे कसं झालं आणि पुढे काय झालं, ते सांगते.

मुलगी सांगलीची. वडिलांचं शेतीच्या औषधांचं दुकान, आई शाळेत. दहावीपर्यंत सेमी-इंग्रजी, मग कॉमर्स. २०२० ला बारावी झाली. घरात सगळी चिंता इंग्रजीची होती. ‘हिला तिथलं इंग्रजी झेपेल का?’ हे मला तिच्या आईने तीनदा विचारलं. आयईएलटीएसचे क्लास लावले, ६.५ गुण आले, घर निश्चिंत झालं. प्रवेशासाठी गाठलेल्या एजंटाने सांगितलं होतं की सगळं इंग्रजीत असतं, जपानी यायची गरज नाही. मी पुण्यात जपानी शिकवते. नात्यातून ओळख निघाली म्हणून ते माझ्याकडे सल्ल्याला आले होते. मी काय म्हणाले ते मला चांगलं आठवतं. ‘तिथे राहिली की आपोआप येईल.’ एजंटाचं वाक्य चुकीचं होतं, हे तेव्हाही मला कळत होतं. माझंही तितकंच चुकीचं होतं, हे कळायला तीन वर्षं गेली.

तिने निवडलेलं विद्यापीठ म्हणजे रित्सुमेइकान एशिया पॅसिफिक युनिव्हर्सिटी, सगळे एपीयू म्हणतात. क्यूशू बेटावर ओइता प्रांत, त्यात बेप्पू हे गरम झऱ्यांचं गाव, आणि गावाच्या मागे डोंगरावर हे विद्यापीठ. ओइता प्रांत, बेप्पू शहर आणि क्योतोची रित्सुमेइकान संस्था यांनी मिळून ते उभं केलं आणि एप्रिल २००० मध्ये सुरू झालं. पहिल्या दिवसापासून आखणी अशी की निम्मे विद्यार्थी परदेशी असावेत. जपानमध्ये इंग्रजीतून पदवी मिळण्याच्या जागा आता बऱ्याच आहेत. तोक्योत वासेदा, सोफिया आणि आयसीयू, उत्तरेला आकिता इंटरनॅशनल. पण एका लहान गावाच्या डोक्यावर एवढं मोठं बहुदेशी विद्यापीठ, हा प्रकार बेप्पूतच. फीमध्ये सवलतही टप्प्याटप्प्याने मिळते. हिला निम्मी फी माफ झाली, म्हणून सांगलीच्या दुकानाला ते परवडलं.

तिथल्या विद्यार्थ्यांच्या बोलण्यात दोन शब्द आहेत. डोंगरावरच्या कॅम्पसला ‘तेन्कू’ म्हणतात, म्हणजे आकाश. खालच्या गावाला ‘गेकाई’ म्हणतात, आपल्या भाषेत भूलोक. धुकं उतरलं की खरंच वरून गाव दिसत नाही. ‘आज भूलोकात जायचंय का?’ असं मुलं एकमेकांना विचारतात. मला हे शब्द तिच्याकडून कळले, आणि या प्रकरणाचा नकाशाच त्यांत आहे असं वाटलं. वर इंग्रजी चालतं, खाली बस उतरली की जपानी.

पण तिचे पहिले तीन सेमिस्टर ना आकाशात गेले ना भूलोकात, ते सांगलीत गेले. सप्टेंबर २०२० ला प्रवेश, आणि महामारीमुळे जपानच्या सीमा परदेशी विद्यार्थ्यांना मार्च २०२२ पर्यंत जवळजवळ बंदच होत्या. जपानची वेळ आपल्यापुढे साडेतीन तास. तिथला सकाळी नऊचा तास म्हणजे सांगलीत पहाटे साडेपाच. आई चहा ठेवायची आणि ही खोलीचं दार लावून पडद्यावर ‘ओहायो गोझाइमासु’ म्हणायची. जुलै २०२१ मध्ये कृष्णेला पूर आला, पाणी गावभागात शिरलं, वीज गेली. सेमिस्टरच्या शेवटच्या परीक्षा तिने मिरजेला मावशीकडे बसून दिल्या. अशा अवस्थेत तिने चांगले गुण मिळवले, याचं मला आजही कौतुक आहे.

इंग्रजी माध्यमाच्या मुलांना तिथे एका ठरावीक पातळीपर्यंत जपानी सक्तीचं असतं. फाउंडेशनच्या तीन पायऱ्या, मग इंटरमीडिएट आणि त्यापुढचे वर्ग. हिने सक्तीचा बराचसा भाग सांगलीतूनच उरकला. उरकला हाच शब्द बरोबर आहे. व्याकरणाच्या चाचण्यांत नव्वदच्या पुढे गुण, कांजी म्हणजे जपानीतली चिनी चिन्हं टाइप करून. कीबोर्डवर उच्चार लिहिला की यादी पुढे येते, त्यातून बरोबर चिन्ह उचलायचं. यादीत चिन्ह ओळखता येतं, हाताने लिहिता येत नाही, आणि धावत्या मजकुरात दिसलं तर ओळखूही येत नाही. बोलणं तर आठवड्यात काही मिनिटांपुरतं, तेही पडद्यावरच्या पाच जणांत वाटून.

एप्रिल २०२२ मध्ये ती बेप्पूला पोहोचली. सुरुवातीला एपी हाउस या वसतिगृहात राहिली. मजल्यावर सामाईक स्वयंपाकघर, तिथे व्हिएतनामी, उझबेक, इंडोनेशियन, बांगलादेशी आणि जपानी मुली. ज्या इंग्रजीची घरात एवढी धास्ती होती, तो प्रश्न महिन्याभरात संपला. कारण तिथे कुणाचंच इंग्रजी घरचं नव्हतं. जो तो आपल्या मातृभाषेच्या चालीवर बोलत होता, आणि सगळ्यांना सगळं कळत होतं. जपानी मुलीसुद्धा हिच्याशी हट्टाने इंग्रजीत बोलायच्या, कारण त्यांना इंग्रजीचा सराव हवा होता. सप्टेंबरमध्ये ती खाली गावात राहायला गेली, दोन इंडोनेशियन मैत्रिणींसोबत. म्हणजे पत्ता भूलोकातला आणि घरातली भाषा पुन्हा इंग्रजीच.

कामही असंच मिळालं. विद्यार्थी व्हिसावर परवानगी घेऊन आठवड्याला २८ तास काम करता येतं, मोठ्या सुट्टीत त्याहून जास्त. ती एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात भांडी धुवायची. पहिल्या दिवशी एका बाईने हाताने खुणा करून दाखवलं, कुठलं ताट कुठल्या रॅकला. त्यानंतर वर्षभर तिला तिथे वीस-पंचवीस शब्दांपलीकडे काही लागलं नाही. पैसे वेळेवर मिळत होते. अशी नोकरी सोडावी असं कुणाला वाटेल?

फ्रिजवरच्या लिफाफ्यामागे हे सगळं उभं होतं. मुलगी आळशी नव्हती. तिच्या दिवसातल्या एकाही तासाला जपानीची गरजच पडत नव्हती.

पेन्शनचं काम असं झालं. मी तिला सांगितलं की मागच्या तारखेपासूनही अर्ज करता येतो, दोन वर्षं एक महिन्यापर्यंतचा. ती विद्यार्थी ओळखपत्र आणि रेसिडेन्स कार्ड घेऊन महापालिकेत गेली. मार्चपर्यंतच्या वर्षाचा एक अर्ज, एप्रिलपासूनच्या वर्षाचा दुसरा. खिडकीवरच्या बाई सावकाश, सोप्या जपानीत बोलत होत्या. त्यांनी पेन्सिलीने रकान्यांवर छोटे गोल करून दिले, इथे नाव, इथे तारीख. कुणी रागावलं नाही, दंड झाला नाही. बाहेर येऊन तिने मला फोन केला आणि रडली. म्हणाली, त्या बाई लहान मुलाशी बोलावं तसं बोलत होत्या, आणि तरीही निम्मं कळलं नाही.

त्या फोनमध्येच तिने विचारलं, ‘सेन्सेई, पुन्हा पहिल्यापासून शिकवाल का?’

आम्ही जून २०२३ पासून रविवारी तास सुरू केले. पहिल्या दोन तासांत एक गोष्ट माझ्या लक्षात आली, जी खरं तर २०२० मध्येच लक्षात यायला हवी होती. ती जपानी इंग्रजीतून शिकली होती. साहजिकच, कारण वर्गात दहा देशांची मुलं. त्यामुळे तिच्या डोक्यात वाक्य आधी इंग्रजीत तयार व्हायचं, मग उलटं फिरवून जपानीत यायचं. शेवटचं पहिलं आणि पहिलं शेवटी. या कसरतीत समोरचा माणूस पुढच्या वाक्यावर गेलेला असायचा.

मी तिला मराठीत एक वाक्य लिहायला सांगितलं. मी काल सांगलीहून पुण्याला बसने आले. मग त्याखाली जपानी. वाताशी वा, किनो, सांगुरी कारा, पुने ए, बासु दे, किता. शब्दाखाली शब्द बसला, एकही जागा बदलावी लागली नाही. ‘हून’च्या खाली ‘कारा’, ‘ला’च्या खाली ‘ए’, ‘ने’च्या खाली ‘दे’. क्रियापद दोन्हीकडे शेवटी. ती बराच वेळ वहीकडे बघत राहिली.

पुढची गंमत जोडक्रियापदांची. ‘खाऊन बघ’ असं आपण सहज म्हणतो, त्यात डोळ्यांनी बघणं नसतं. जपानीत ‘ताबेते मिरु’, आणि मिरु म्हणजे बघणे. ‘करून ठेव’ला ‘शिते ओकु’, ओकु म्हणजे ठेवणे. ‘घेऊन ये’ला ‘मोत्ते कुरु’, कुरु म्हणजे येणे. ‘डॉक्टरांकडून तपासून घेतलं’ यातलं ‘घेतलं’सुद्धा जपानीत तसंच येतं, ‘मिते मोरात्ता’. इंग्रजीतून शिकताना या प्रत्येकाला वेगळा नियम लागतो, वेगळं भाषांतर लागतं. मराठी माणसाच्या तोंडात ते लहानपणापासून बसलेलं आहे. इथे मला स्पष्ट म्हणायचं आहे, की आपल्याकडची मुलं जपानी शिकताना मराठी बाजूला ठेवतात आणि इंग्रजीची काठी धरतात, यात त्यांचं फार नुकसान होतं. दोष त्यांचा नाही. आम्ही शिकवणाऱ्यांनीच त्यांना तशी सवय लावली आहे.

कांजीला मात्र मराठीचा काही उपयोग नाही. तिथे रोज पंधरा चिन्हं, हाताने, वहीत. दुसरा रस्ता मला ठाऊक नाही.

जुलैत तिने भांड्यांचं काम सोडलं आणि एका सुपरमार्केटमध्ये गल्ल्यावर काम धरलं. पैसे तेवढेच. ओइतातलं किमान वेतन त्या ऑक्टोबरपासून तासाला ८९९ येन झालं. पण इथे दर दोन मिनिटांनी एक नवा माणूस समोर यायचा. पिशवी हवी का, पॉइंट कार्ड आहे का, चमचे किती देऊ. दुपारी म्हाताऱ्या बायका यायच्या, सावकाश नाणी मोजायच्या आणि मोजता मोजता बोलायच्या. त्यांच्या तोंडी ‘योदाकी’ हा शब्द सारखा यायचा. तो कुठल्या पाठ्यपुस्तकात नाही, ओइताच्या बोलीतला आहे. ती मला अर्थ विचारायला लागली, मलाही नीट सांगता येईना. दोन आठवड्यांनी तिचाच निरोप आला, ‘कळलं, योदाकी म्हणजे कंटाळा आलाय!’ आणि खरंच, ‘कंटाळा’ या शब्दाचं इंग्रजी करताना आपण अडखळतो, पण या शब्दापाशी तो नेमका बसतो. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की हिचं गाडं आता रुळावर आलं.

पण कॅलेंडर थांबत नव्हतं.

जपानमध्ये नोकरी शोधण्याला ‘शुकात्सु’ म्हणतात आणि त्याला स्वतःचं पंचांग आहे. एप्रिलमध्ये कामावर रुजू व्हायचं, तर आदल्या वर्षीच्या मार्चपासून कंपन्यांच्या माहितीसभा, जूनपासून मुलाखती, १ ऑक्टोबरला रीतसर नेमणुकीचं आश्वासन, म्हणजे ‘नाइतेइ’. प्रत्यक्षात हुशार मुलं त्याच्याही आदल्या उन्हाळ्यात इंटर्नशिप करून आलेली असतात. हे सगळं मार्चमध्ये पदवी घेणाऱ्यांना धरून आखलेलं. आपल्याकडून जाणारी बहुतेक मुलं सप्टेंबरची, त्यामुळे त्यांना दिवस मोजताना नेहमी एक पाऊल आधी टाकावं लागतं. हिचा पदवीचा महिना सप्टेंबर २०२४.

डिसेंबर २०२३ मध्ये तिने जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेची एन-२ पातळी दिली (एन-५ सगळ्यांत सोपी, एन-१ सगळ्यांत अवघड). बहुतेक कंपन्या निदान एवढी पातळी मागतात. १८० पैकी ९० लागतात, तिला ८४ पडले. ऐकण्यात छान गुण, वाचनात घसरण. सुपरमार्केटने कान तयार केले होते, डोळे अजून व्हायचे होते.

मार्चपासून तिने सतरा ठिकाणी अर्ज केले. कंपन्या एपीयूत येऊन मुलाखती घेतात, तो फार मोठा आधार आहे. तिथल्या पहिल्या फेरीला बऱ्याचदा इंग्रजीही चालतं. अडायचं दोन ठिकाणी. एक म्हणजे एसपीआय नावाची चाचणी. त्यात भाषेचा भाग असतो आणि गणिताचा. गणित आपल्या आठवी-नववीचं, काळ-काम-वेगाचं, पण प्रश्न जपानीत आणि घड्याळ लावून. कॉमर्सची मुलगी, आकडेमोडीत पक्की, पण प्रश्न वाचून होईपर्यंत वेळ संपायची. दुसरं म्हणजे शेवटची फेरी. समोर साठीच्या आसपासचे संचालक, आणि त्यांचा साधा प्रश्न, की आमच्याच कंपनीत का? पाठ केलेलं उत्तर ती नीट द्यायची. त्यावर ते हसून काहीतरी जोडप्रश्न विचारायचे, तिथे ती थांबायची.

नकाराच्या ईमेलच्या शेवटी ‘आपल्या पुढील यशासाठी प्रार्थना करतो’ अशा अर्थाचं वाक्य असतं, म्हणून मुलं त्याला प्रार्थनेचं पत्र म्हणतात. तिला अशी चौदा आली. जूनमध्ये वडिलांनी मला फोन केला. ‘मॅडम, परत बोलावून घेऊ का तिला? इकडे पुण्यात काहीतरी मिळेलच की.’ त्यांच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. मी म्हणाले, जुलैची परीक्षा होऊ द्या.

ऑगस्टच्या शेवटी निकाल लागला. १०७. पदवीला तीन आठवडे राहिले होते आणि हातात नोकरी नव्हती. पदवीनंतर नोकरी शोधत राहण्यासाठी विद्यापीठाच्या शिफारशीवर सहा महिन्यांचा वेगळा निवासपरवाना मिळतो, एकदा वाढवताही येतो. तिने तो घेतला. या सोयीची माहिती आपल्याकडच्या पालकांना अजिबात नसते, म्हणून मुद्दाम लिहिते आहे. पदवीच्या दिवशी नोकरी नसली म्हणजे बॅग भरायची असं नसतं.

नोव्हेंबरमध्ये फुकुओकातल्या एका मध्यम आकाराच्या कंपनीने तिला घेतलं. यंत्रांचे भाग बनवतात, चाकणला त्यांचे ग्राहक आहेत. शेवटच्या फेरीत संचालकांनी विचारलं, बेप्पूत काय आवडलं? ती तयारी केलेलं उत्तर विसरली आणि गल्ल्यावरच्या आजींबद्दल बोलत सुटली, मध्ये ‘योदाकी’ही आलं. ते गृहस्थ ओइताचे निघाले. यात नशिबाचा भाग आहे हे मी नाकारत नाही. पण त्या दिवशी ती न थांबता दहा मिनिटं जपानीत बोलली, ते नशिबाने आलेलं नव्हतं.

एप्रिल २०२५ पासून ती तिथे आहे. सकाळी जपानीत बैठक, दुपारी चाकणशी इंग्रजीत आणि थोडं मराठीत. बँकेचं कर्ज तिच्या पगारातून जातं.

माझ्या वर्गात आता सल्ल्याला येणाऱ्या पालकांना मी त्या पेन्शनच्या पत्राची झेरॉक्स दाखवते, तिचं नाव-पत्ता झाकून. कुठल्याही इंग्रजी माध्यमाच्या विद्यापीठात मूल गेलं तरी हे पत्र त्याला येणार, हे सांगते. जायच्या आधी पुण्यात निदान एन-४ द्यायला लावते, आणि तिची तयारी हाताने लिहून करायला लावते. आणि पहिल्या सेमिस्टरपासून असं काम धरायला सांगते, जिथे तोंड उघडावं लागेल, तासाला पन्नास येन कमी मिळाले तरी.

तिला हे सगळं पटत नाही. मागच्या महिन्यात यावर आमचा चांगला तास गेला. ती म्हणते, ‘सेन्सेई, मी पहिल्या दिवसापासून जपानीच्या मागे लागले असते, तर त्या दोघी मला भेटल्याच नसत्या.’ दोघी म्हणजे त्या इंडोनेशियन मैत्रिणी. रमजानमध्ये त्या पहाटे उठायच्या तेव्हा हीही उठून त्यांच्यासाठी पोहे करायची, आणि तिघी अंधारात बसून खायच्या. ते सगळं बोलणं इंग्रजीत झालं, आणि तिच्या मते एपीयूला जायचं ते त्यासाठीच. मी म्हणाले, दोन्ही जमलं असतं. ती म्हणाली, नसतं जमलं. यावर आमचं अजून एकमत झालेलं नाही.